तांबड्या ठिपक्याची तीस मेंढरं

मेंढीला जंताचं औषध पाजणं बघायला अगदी सोपं दिसतं. तिची मान आपल्या दोन मांड्यांच्या मध्ये धरायची, डावा अंगठा जबड्याच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथून आत घालायचा, तोंड जरासं उघडलं की औषधाची नळी जिभेवरून मागं सरकवायची आणि दट्ट्या दाबायचा. तिनं घोट गिळला की सोडून द्यायची आणि पुढची घ्यायची. मेख एकच आहे. तोंड वर खेचायचं नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वरवंडजवळच्या एका वस्तीवर मी उत्साहाच्या भरात एका मेंढीचं तोंड आभाळाकडं केलं. औषध पोटात जायचं ते फुप्फुसात गेलं आणि ती माझ्या पायातच आडवी झाली. मालक म्हातारा होता. मला वाईट-वंगाळ एक शब्द बोलला नाही. मेलेली मेंढी उचलून त्यानं बाभळीखाली ठेवली आणि दुसरी माझ्या पुढ्यात आणून उभी केली. उरलेल्या नव्वद मेंढ्या मी इतक्या जपून पाजल्या की दिवस मावळला.

मी सरकारी खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी सांगायचो, बाबांनो, डॉक्टर तालुक्याला बसतात, मी त्यांचा हाताखालचा माणूस. पण ज्याच्या पिशवीत औषध तो डॉक्टर, असा खेड्यातला सरळ न्याय असतो. केडगावच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या माणसाला कुणी 'या डॉक्टर, टेका' म्हणत असेल तर त्यानं तरी किती दिवस नको नको म्हणावं? पुढं पुढं मीही ओ द्यायला लागलो.

निम्मी नोकरी दौंड तालुक्यात झाली आणि निम्मी शिरूरला. मध्ये भीमा. नदीच्या अलीकडं ऊस आणि पाटाचं पाणी, पलीकडं तेव्हा बरंचसं माळरान. माझी जुनी फटफटी, मागं बर्फाचा डबा, खांद्याला पिशवी. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं, जनावरांचा दवाखाना म्हणजे गाय, म्हैस आणि फार तर कुत्रं. मेंढरू कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आमच्या खात्यातही मेंढराकडं जायला फारसं कुणी राजी नसायचं. गाईमागं दूध असतं, दुधामागं डेअरी असते, आणि डेअरीमागं पुढारी असतात. मेंढरामागं फक्त धनगर असतो, आणि तोही आज इथं, उद्या तिथं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुनेदार भेटली. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्याकडं एकच एडका होता. रोज सकाळी त्यांची चिठ्ठी यायची, मोत्यासारखं अक्षर, 'एडक्यास कालपासून अन्नावर वासना नाही, कृपया लक्ष घालावे.' जाऊन बघावं तर एडक्यानं मास्तरांची अख्खी वही फस्त केलेली असायची. केडगावची एक भाजीवाली बाई आजारी कोकरू पाटीत घालून, वर मेथीच्या जुड्या रचून एसटीनं दवाखान्यात घेऊन आली. मेथी मध्येच ओरडली म्हणून कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट काढायला लावलं. ती माझ्याशीच भांडत होती, की सरकारी माणसाकडं यायचं तर तिकीट कसलं.

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून बसलेले म्हणजे रामाआप्पा आणि त्यांची बायको शेवंताआक्का. दोघं धनगर. मूळ गाव शिरूर तालुक्यात, पण दिवाळी झाली की कोकणाकडं उतरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी माघारी यायची. पावसाळाभर मुक्काम भीमेच्या दोन्ही काठांनी. साठ मेंढरं, एक घोडी, दोन कुत्री. आप्पांची एक खोड होती. मेंढराला द्यायचं ते कुठलंही औषध ते आधी स्वतः बोटावर घेऊन चाटायचे. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. म्हणायचो, आप्पा, हे जंताचं विष आहे. ते म्हणायचे, जे मला कडू लागतं ते त्यांनाबी लागत असंल, ठाऊक नको? चव घेतली की थुंकायचे आणि मगच पहिली मेंढी पुढं करायचे.

कळपावर खरी सत्ता आक्कांची. कोणत्या मेंढीची आई कोण, कोणती कधी व्याली, कोणती पाटाच्या पाण्याला भिते, सगळं त्यांच्या जिभेवर. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला त्यांच्याच कपातून चहा दिला. यात सांगण्यासारखं काय आहे असं कुणाला वाटेल. वाटू द्या. नव्वदच्या सालातसुद्धा माझं आडनाव कळलं की पाण्याचा तांब्या वरून ओतणारी घरं त्याच रस्त्यावर होती.

आता जंताचं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. चौथ्या कप्प्यात एक जंत राहतो. दोऱ्याएवढा, तांबड्या-पांढऱ्या पिळाचा. तो तिथल्या भिंतीला तोंड लावून रक्त पितो. एक-दोन असतील तर मेंढीला कळतही नाही. हजारांनी झाले की ती आतून सुकत जाते. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, चालताना मागं पडते, आणि एका सकाळी उठतच नाही. वरून बघून हे लवकर कळत नाही, कारण लोकर सगळं झाकते. म्हणून आम्ही खालची पापणी ओढून बघायचो. आतून लाल असली तर मेंढी ठीक. गुलाबी असली तर लक्ष ठेवायचं. पांढरीफटक दिसली तर तिच्यात रक्तच उरलेलं नाही. जंताची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, ओल्या गवतावर पिल्लं वर चढून बसतात आणि मेंढी गवताबरोबर ती खाते. दव वाळल्याशिवाय पाटाच्या कडेला चारू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण माळ कमी होत चालले होते, मग पाटाची कड सोडून मेंढरांनी जायचं तरी कुठं?

औषध होतं, नाही असं नाही. पण ते नेहमीच कमी यायचं. शंभराचं औषध दीडशेंना पुरवायचं म्हणजे प्रत्येकीला घोटभर कमी. मीही तसंच केलं, वर्षानुवर्षं. कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायला जीव होत नसे. कमी औषधानं अशक्त जंत मरतात आणि दांडगे राहतात. त्या दांडग्यांची पुढं वीण वाढते आणि काही वर्षांनी तेच औषध त्यांना पाण्यासारखं होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी केलं. त्याची बोच आहेच.

आप्पा-आक्कांच्या कळपात एका पावसाळ्यात एकोणीस मेंढरं गेली. औषध पाजूनही गेली. कळप पुन्हा साठावर यायला दोन-तीन वर्षं लागली. आक्का मला म्हणाल्या होत्या, की फऱ्याला सुई हाय, आतड्याच्या रोगाला सुई हाय, मग जंतालाच का न्हाई? हा प्रश्न मला प्रत्येक धनगर विचारायचा आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. जंतावर लस नसते. जिवाणूचा रोग वेगळा, जंत वेगळा. तो डोळ्यांना दिसणारा किडा आहे, त्याला लस काय करणार?

आणि एके दिवशी एका संशोधन संस्थेतले साहेब आमच्या दवाखान्यात आले आणि म्हणाले की जंतावरची लस करून बघायची आहे.

साहेब विदर्भाकडचे होते. बारीक अंगकाठी, बोलणं मऊ, पायात साध्या चपला. त्यांनी मला बाकावर बसवून लस समजावली ती मी आजही विसरलेलो नाही. मेलेल्या मेंढ्यांच्या पोटातून जंत गोळा करायचे, त्या जंतांच्याच आतड्याचा अंश काढायचा आणि तो निरोगी मेंढीला टोचायचा. मेंढीचं रक्त त्याच्याविरुद्ध तयार होतं. मग जंत जेव्हा ते रक्त पितो तेव्हा त्याचंच आतडं आतून फाटतं. म्हणजे जितकं पिईल तितका मरेल. मी थक्क होऊन ऐकत होतो. इतकी वर्षं मी या जंताच्या मागं धावत होतो आणि हा माणूस जंताच्या ताटातच त्याचं मरण वाढायला निघाला होता.

साहेबांना साठ मेंढरांचा एक कळप हवा होता. तिसांना लस द्यायची, तिसांना नाही. दोन्ही बाजू एकाच माळावर, एकाच पाण्यावर. पावसाळ्यानंतर बघायचं, कोणत्या बाजूला जंत किती. ते मला म्हणाले, मालकाला सगळं नीट सांगा. उरलेल्या तीस मेंढ्यांना काहीच मिळणार नाही, त्यातल्या काही आजारी पडतील, काही मरतीलही. हे ऐकून तो कबूल असेल तरच. नाहीतर आपण दुसऱ्या तालुक्यात कळप बघू. एखादी मेंढी फार खालावली तर आधी मला फोन करा, मी येऊन रक्त घेईन आणि मग तिला औषध देऊ.

मी आप्पा-आक्कांकडं गेलो. वढू बुद्रुकच्या पुढं उन्हाळी बाजरी कापलेल्या एका रानात त्यांचा मुक्काम होता. आक्का तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होत्या. मी लसीचं सांगितलं. जंताचं आतडं कसं फाटतं तेही सांगितलं, आणि त्या ऐकता ऐकता भाकरी उलटायची विसरल्या. मग मी मुद्द्याच्या जागेवर आलो आणि अडखळलो. एकोणीस मेंढरं गमावलेल्या बाईला 'तुमची तीस मेंढरं आम्ही तशीच ठेवणार, मरतात का ते बघणार' असं सांगितलं तर ती काठी घेऊन उठेल असं मला वाटलं. कळप हातचा गेला असता, काम दुसऱ्या तालुक्यात गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मनात असंही होतं की यांना हे तुलना-बिलना काय कळणार. मी म्हणालो, लस कमी आलीय आक्का. निम्म्यांना आत्ता देऊ, निम्म्यांना पुढच्या खेपेला.

आक्कांनी एका दमात होकार दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, नीट समजावलंत ना? मी म्हणालो, होय साहेब.

टोचणीच्या दिवशी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, एका फटीतून आम्ही एकेक मेंढरू सोडलं. एक लसीला, एक बिनलसीचं. लस दिलेल्याच्या कपाळावर निळा ठिपका, न दिलेल्याच्या कपाळावर तांबडा. निळा रंग साहेबांनी सहज निवडला होता, मी मनातल्या मनात हसलो. आप्पांना लस चाटून बघता आली नाही याचं त्यांना वाईट वाटलं. ते सुईकडं नुसतं टक लावून बघत राहिले.

लस तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा द्यायची होती. दुसऱ्या वेळी आक्का चुलीपाशीच होत्या. तिसऱ्या वेळीही निळ्या ठिपक्याचीच मेंढरं पुढं आली, तेव्हा त्या जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. साहेब लांब गाडीत सामान काढत होते. आक्का हळू आवाजात मला म्हणाल्या, "दाक्तर, पंगतीत बसवायचं आन् निम्म्यांच्या पत्रावळीवर वाढायचंच न्हाई, ही कुठली रीत?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते वाक्य मला झोंबलं. माझे वडील गावजेवणाला जायचे तेव्हा पंगती उठेपर्यंत मांडवाबाहेर थांबायचे. घरून नेलेल्या भांड्यात जे पडेल ते घेऊन यायचे. आक्कांना हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्या आपल्या मेंढरांबद्दलच बोलत होत्या. मी मात्र त्या तांबड्या ठिपक्यांकडं बघू शकेना.

भाद्रपदात ऊन-पाऊस सुरू झाला आणि तांबड्या ठिपक्याची मेंढरं ढासळायला लागली. मी आठवड्यातून दोनदा जायचो. एकेकीची पापणी ओढायचो. आधी गुलाबी, मग फिकट, मग अकरा मेंढरं पांढरीफटक. दोन मेली. निळ्यांच्यातही काही फिकट होती, पण तांबड्यांइतकी नाहीत असं मला वाटलं. वाटलं असंच म्हणतो, कारण मोजणं साहेबांचं काम होतं आणि ते महिन्याभरानं यायचे होते.

मला काय करायचं होतं ते ठाऊक होतं. वढूच्या चौकात फोनचं बूथ होतं. तिथं जाऊन साहेबांना कळवायचं, ते येतील, रक्त घेतील, मग औषध. मी बूथपर्यंत गेलो. आत एक ट्रक ड्रायव्हर घरी फोन करत होता, म्हणून बाहेर उभा राहिलो. उभा राहिल्या राहिल्या माझ्या लक्षात आलं, की साहेब आले तर आक्का त्यांना समोरासमोर विचारणार, पुढच्या खेपेची सुई कुठाय? आणि साहेब माझ्याकडं बघणार. ड्रायव्हर बाहेर आला. मी आत गेलोच नाही. फटफटीला किक मारली आणि सरळ कळपाकडं गेलो.

पिशवीत त्या काळातलं नवं, जोरकस औषध होतं. जपून ठेवलेलं. राहिलेल्या अठ्ठावीस तांबड्या मेंढरांना मी पूर्ण मापानं पाजलं. घोटभर कमी नाही की जास्त नाही. नोकरीत क्वचितच इतकं नेमकं काम केलं असेल. आप्पांनी चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. आक्कांना मी सांगितलं, यांची ही लस तोंडातून द्यायची असते. म्हणजे पहिल्या खोट्याला झाकायला दुसरं खोटं.

आक्का हरखल्या. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वर लोण्याचा गोळा वाढला. पंगत पुरी झाली, म्हणाल्या. मी पोटभर जेवलो. त्या वेळी मला खरोखरच वाटत होतं की मी चांगलं काम केलंय. हे लपवण्यात अर्थ नाही.

साहेब आले. लेंड्या घेतल्या, रक्त घेतलं, वजनं केली. पापण्या बघताना त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसत होता. तांबड्या निळ्यांइतक्याच ठणठणीत, काही तर निळ्यांपेक्षा सरस. त्यांनी पुन्हा बघितलं, आणि पुन्हा. मग मला बाजूला घेऊन विचारलं, कुणी औषध तर दिलं नाही ना? मी नाही म्हणालो. त्यांनी हातातली वही मिटली. त्यांना काय समजलं, काय नाही, मला सांगता येत नाही. आक्कांनी त्या वेळी त्यांना सुईचं काहीच विचारलं नाही. त्यांच्या हिशेबानं सगळ्यांना मिळालं होतं.

जाताना साहेब गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "साळवे, लस चांगली होती असं मला अजूनही वाटतंय. पण आता मी कुणाला काय दाखवू?"

त्यांच्या अहवालात दोन्ही गटांत फरक आढळला नाही असं आलं. ते पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही आले नाहीत. मी एक पत्र लिहायला घेतलं होतं. तीन ओळी लिहून फाडलं.

नंतरच्या वर्षांत ते नवं, जोरकस औषधही लंगडं पडायला लागलं. पाजलं तरी पापणी पांढरीच. त्याबरोबर सगळंच हातातून निसटत होतं. शिरूरकडच्या माळांवर कंपन्या आल्या, तारेची कुंपणं आली. दौंडकडं ज्याच्या त्याच्या रानात ऊस. पूर्वी शेतकरी धनगराला हाक मारून बोलवायचे, बाबा, दोन दिवस माझ्या रानात मेंढरं बसव, लेंडीखत होईल. आता गोणीतलं खत आलं. धनगरांची मुलं कंपनीच्या बसमध्ये चढायला लागली, आणि त्यांनी चढू नये असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? मीही माझ्या बापाचं काम सोडूनच इथं आलो होतो.

पण मला त्या कळपांची आठवण येते. फार येते. मुक्काम हलायचा तेव्हा दिवस कलताना मेंढरं माळावरून माघारी यायची. पुढं घोडी, तिच्या पाठीवर अख्खा संसार आणि वर एक कोंबडी. दिवसभर मागं ठेवलेली कोकरं आक्का जाळीतून सोडायच्या. आया ओरडतायत, पिल्लं ओरडतायत, साठ आणि चाळीस मिळून नुसता कल्लोळ, आणि त्या धुळीत प्रत्येक कोकरू बरोबर आपल्याच आईपाशी जाऊन गुडघे टेकायचं. दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. फक्त चोखण्याचा आवाज. मी निघतो म्हणायचो आणि तेवढं बघायला थांबायचो. आता त्या रस्त्यानं गेलो की कान टवकारले जातात. ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. घरी बायको म्हणते, तुमच्या कपड्यांना मेंढराचा वास यायचा तेव्हा मी नाक मुरडायचे, आता कधीकधी मलाच तो हवासा वाटतो.

रामाआप्पा नव्या शतकाच्या सुरुवातीला गेले, वयानंच. मेंढरं आक्कांनी आणखी काही वर्षं सांभाळली. साठाची चाळीस झाली, चाळिसाची अठरा. त्यातली जंतानं किती गेली, ते त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. शेवटची अठरा त्यांनी विकली, तेव्हा माझी बदली नदीच्या अलीकडं झाली होती. मी गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र माझा जीव लागेना. दुसऱ्या वर्षी चौकशी करत गेलो. नातवाला कंपनीत काम होतं, शिरूरकडच्या कंपन्यांच्या वस्तीत दोन खोल्या. आक्का दाराबाहेर पायरीवर लसूण निवडत बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, वाळला की दाक्तर. आतून चहा आला. नातसुनेची तक्रार झाली, माझ्या मुलांची चौकशी झाली. मग त्यांनी आपणहून विचारलं, की ती जंताची सुई पुन्हा कवा आलीच न्हाई व्हय? ते बारीक सायेब चांगले हुते.

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. लस कमी आलेली नव्हती. तीस मेंढरं मुद्दाम तशीच ठेवायची होती. ती आजारी पडली असती आणि निळी धड राहिली असती, तरच लस खरी असं जगाला कळलं असतं. मी औषध पाजलं आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. म्हणून साहेब पुन्हा आले नाहीत. तुम्हाला हे कळणार नाही असं वाटलं म्हणून तेव्हा खोटं बोललो, हेही सांगितलं. आक्कांनी लसणाचं सूप मांडीवरून खाली ठेवलं होतं.

"म्हंजी ती तीस मेली असती?"

"सगळी नाही. निम्मी कदाचित."

"आन् सुई आली असती?"

मी म्हणालो, नक्की आली असती असं सांगता येत नाही. पण साहेब पुढच्या वर्षी आले असते. काम पुढं गेलं असतं.

मनातलं खरं सांगतो. मी तिथं एका वाक्यासाठी गेलो होतो. त्यांनी म्हणावं, जाऊ द्या दाक्तर, माझी मुकी जनावरं वाचवलीत, पुण्य लागंल. एवढं ऐकलं असतं तर मी हलका होऊन घरी आलो असतो.

आक्का माझ्याकडं बघत म्हणाल्या, "यात न कळण्यासारखं काय हुतं? दरसाल आमी बिरोबाला एडका देतो. त्यो देव कवा म्हणला न्हाई की तुजा कळप राखतो, तरीबी देतो. हितं तर समद्या धनगरांची मेंढरं वाचायची हुती. तीस काय, साठ दिली असती म्या." मग त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "तुमी इचारलंच न्हाई."